ट्रॅक्टर एकटा उलटतो. दोष एकट्याचा नसतो!

४ एप्रिल २०२५ ची सकाळ. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याच्या गुंज गावातील मजूर बाया शेतकामाला निघाल्या होत्या. शेत शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, आलेगाव शिवारात होते. बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसल्या होत्या. तो ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. सात जणींचा जीव गेला. तिघांना तेवढे जिवंत वर काढता आले. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर केले, प्रधानमंत्री मदत निधीतून दोन लाख जाहीर झाले. दोन दिवस वर्तमानपत्रांत फोटो आले, पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या आणि बातमी जुनी झाली.

मदत मिळू नये असे कोण म्हणेल? मिळालीच पाहिजे. पण मदत आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या समाजाने एकदा नीट समजून घेतले पाहिजे. मदत सरकारच्या मर्जीवर असते. आज जाहीर झाली, उद्या दुसऱ्या गावात सात ऐवजी एकच बाई मेली तर होणार नाही. भरपाई हा कायद्याने दिलेला हक्क आहे. एक मेली काय आणि सात मेल्या काय, तो हक्क तेवढाच असतो. मदतीसाठी हात पसरावा लागतो, भरपाईसाठी अर्ज करावा लागतो. आणि पूर्ण भरपाईच्या अर्जात पहिला प्रश्न येतो तो हा : दोष कुणाचा?

इथेच आपली माणसे मागे पडतात. दोन वाहने समोरासमोर धडकली तर दोष शोधायला पोलीसही जातात, विमा कंपनीही जाते. पण ट्रॅक्टर एकटाच उलटला, जीप एकटीच झाडावर गेली, टेम्पो एकटाच पुलावरून खाली पडला, की गावात एकच वाक्य ऐकू येते. कुणी ठोकले नाही, कुणी मारले नाही, मग दावा कुणावर करायचा? नशिबात होते, झाले! पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करून मोकळे होतात. ट्रॅक्टरचा मालक गावातलाच असतो, बहुतेक वेळा ज्याच्या शेतात उद्या पुन्हा कामाला जायचे आहे तोच असतो. तो दिवसकार्याला पाच-दहा हजार देतो आणि मिटवून टाका म्हणतो. मिटते ते गरिबाचेच.

नशीब हा शब्द आपण तरी वापरू नये. तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. कारणाशिवाय काही घडत नाही, हा धम्माचा पाया आहे. मग ट्रॉली विहिरीत कारणाशिवाय कशी जाईल? ब्रेक लागला नसेल, चालकाला परवाना नसेल, ट्रॉलीत माणसे जास्त असतील, वाट निसरडी असेल, विहिरीला कठडा नसेल, भल्या पहाटे उठवलेल्या चालकाच्या डोळ्यांवर झोप असेल. यातले प्रत्येक कारण कुणाच्या तरी हातून घडलेले असते. ज्याच्या हातून घडले तो माणूस शोधणे म्हणजेच दोष ठरवणे. नशिबाला दोष दिला की तो माणूस सुटतो. हजारो वर्षे आपल्याला हेच शिकवले गेले, की तुझे दुःख तुझ्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ. त्या शिकवणुकीचा फायदा कुणाला झाला हे सांगायला नको.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. एकट्या वाहनाच्या अपघातात दोष कसा सिद्ध करायचा, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच देऊन ठेवले आहे, आणि तो खटला आपल्या नागपूरजवळच्या रस्त्यावरचा आहे. रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची एक मोटार डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाली होती. गाडी कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता. वाटेत ती रस्ता सोडून उजव्या बाजूच्या झाडावर आदळली आणि आत बसलेला प्रवासी ठार झाला. दुसरे वाहन नव्हते. त्याच्या घरच्यांनी चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा कसा? न्यायालयाने सांगितले, की काही वेळा घटनाच साक्ष देते. नीट चालवलेली गाडी आपली बाजू आणि रस्ता सोडून पलीकडच्या झाडावर जात नाही. गेली, याचाच अर्थ चालवण्यात काही चुकले. ते तसे चुकले नाही, हे आता दुसऱ्या बाजूने दाखवावे. शिवाय चालक कंपनीच्या कामावर असल्याने मालक म्हणून कंपनी जबाबदार, हेही न्यायालयाने त्याच निकालात मान्य केले.

हे तत्त्व नांगरणाऱ्या, कापणी करणाऱ्या आपल्या माणसांसाठी फार मोलाचे आहे. नीट चालवलेला ट्रॅक्टर विहिरीत जात नाही. गेला, तर का गेला हे सांगण्याची जबाबदारी चालक आणि मालकावर येते. ट्रॉलीत बसलेल्या बाईला ब्रेक कुठे असतो तेही माहीत नसते. तिने किंवा तिच्या वारसांनी यंत्राचा दोष शोधून दाखवावा, अशी अपेक्षा कायदा करत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तसे नाही. तिथे कोणती शक्यता अधिक वजनाची, एवढेच पाहिले जाते. चालक फौजदारी खटल्यात सुटला म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही. चालक स्वतःच अपघातात मेला तर फौजदारी खटला तिथेच संपतो, पण मालक आणि विमा कंपनी यांच्यावरचा दावा संपत नाही. चालकच गेला, आता केस कुणावर, असे सांगून घरच्यांना परत पाठवले जाते. ते चुकीचे आहे.

दोष सिद्ध केल्याने फरक किती पडतो? मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १६४ आले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यात दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळण्याची तरतूद आहे. दुसरा रस्ता कलम १६६ चा. त्यात दोष दाखवावा लागतो, पण भरपाई मृताच्या कमाईवर आणि वयावर ठरते. एक हिशेब मांडून पाहू. समजा, एक मजूर बाई ३५ वर्षांची आहे आणि तिची महिन्याची कमाई नऊ हजार धरली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतील, रोजंदारीवर वा स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या माणसाच्या कमाईत पुढील वाढीचे ४० टक्के मिळवायचे. झाले १२ हजार ६००. घरात चार ते सहा माणसे तिच्यावर अवलंबून असतील तर तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा. राहिले ९ हजार ४५०. वर्षाचे झाले १ लाख १३ हजार ४००. तिच्या वयाला १६ चा गुणक लागतो. गुणाकार येतो १८ लाख १४ हजार ४००. त्यावर अंत्यविधीचा खर्च, मालमत्तेच्या हानीची रक्कम आणि नवरा, मुले, आई-वडील यांनी गमावलेल्या आधाराची प्रत्येकी रक्कम वेगळी.

एकीकडे पाच लाख, दुसरीकडे अठरा लाखांच्या वर. मधला फरक म्हणजे त्या बाईच्या लेकरांचे शिक्षण आहे, घर आहे, सावकाराच्या दारी न जाणे आहे. हा फरक "दोष कुणाचा" या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. म्हणून हा प्रश्न वकिलांच्या चर्चेचा नाही, आपल्या वस्तीच्या चुलीचा आहे. आणि इथे एक सापळाही आहे. विमा कंपनी कायद्यातील ठरलेल्या पद्धतीने कलम १६४ ची रक्कम देऊ करते. ती एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो, असे कायद्यातच लिहिले आहे. घरात प्रेत उठून महिना झालेला नसतो, उधारी डोक्यावर असते, समोर कागद येतो आणि अंगठा उमटतो. अंगठा उमटवण्याआधी कुणीतरी जाणता माणूस शेजारी बसला पाहिजे.

कमाई धरतानाही आपल्या बायांवर अन्याय होतो. ती मजूर होती, तिचा पगाराचा कागद नाही, म्हणून तिची कमाई नाममात्र धरा, असे कंपनीचा वकील म्हणतो. पण कागद नाही हा दोष तिचा आहे का? मजुरी देणाऱ्याने कधी पावती दिली? किमान वेतनाचे दर सरकारच जाहीर करते, ते पुढे करता येतात. शिवाय शेतात आठ तास राबून आलेली बाई घरी येऊन भाकरी थापते, पाणी भरते, लेकरे सांभाळते, म्हातारी माणसे पाहते. गृहिणीच्या घरकामाला पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०२१ च्या निकालांत ठामपणे सांगितले आहे. मग आपल्या मजूर बाईची मजुरीही धरली पाहिजे आणि घरकामही दावा मांडताना लिहिले पाहिजे. लिहिलेच नाही तर न्यायाधीश देणार कुठून?

आता तपासाकडे वळू. एकट्या वाहनाच्या अपघातात तपास कसा होऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. तिथेही दुसरे वाहन नव्हते. मग काय झाले? गाडी बनवणाऱ्या परदेशी कंपनीची माणसे आली. गाडीतील यंत्रात साठलेली माहिती काढली गेली. धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर होता आणि ब्रेक लावल्यावर धडकेच्या वेळी तो ८९ होता, इथपर्यंत हिशेब निघाला. मागे बसलेल्यांनी सीटबेल्ट लावला होता का, पुलाचा कठडा रस्त्यात किती पुढे आला होता, याची देशभर चर्चा झाली आणि चालकावर गुन्हाही नोंदला गेला. हे सगळे झाले ते योग्यच झाले. प्रत्येक माणसाच्या मरणाचा असाच हिशेब झाला पाहिजे. आमचा सवाल एवढाच आहे, की ट्रॉलीतून विहिरीत गेलेल्या बाईच्या वाट्याला या तपासाचा दहावा हिस्सा तरी येतो का? तिच्या ट्रॅक्टरचे ब्रेक तपासायला कोण येते?

दुसरे उदाहरण १ जुलै २०२३ च्या पहाटेचे. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मेले. सुरुवातीला सांगितले गेले, की टायर फुटला. टायर फुटला म्हणजे कुणाचाच दोष नाही! पण अमरावतीच्या परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात, जागेवर टायर फुटल्याच्या खुणा नसल्याचे नोंदवले गेले. कुणीतरी जागेवर जाऊन रस्ता पाहिला, म्हणून "टायर फुटला" हे उत्तर टिकले नाही. समजा ते कुणी पाहिलेच नसते तर? टायर फुटला, ब्रेक फेल झाला, अचानक जनावर आडवे आले, ही एकट्या वाहनाच्या अपघातातील ठरलेली उत्तरे आहेत. ती खरीही असू शकतात. पण ब्रेक फेल झाला म्हणणाऱ्याने ब्रेक वेळोवेळी तपासला होता, हेही दाखवले पाहिजे. दुरुस्ती न केलेला ब्रेक ही निसर्गाची आपत्ती नसते.

म्हणून पंचनामा हा या लढाईतील सर्वांत मोठा कागद आहे. आपल्याकडे पंच म्हणून कुणाला बोलावतात? जो जवळ उभा असेल त्याला, किंवा मालकाच्या ओळखीच्याला. त्याने वाचले काय आणि न वाचले काय, सही होते. पंचनाम्यात काय आले पाहिजे ते प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे. रस्त्यावर चाकांच्या खुणा आहेत का आणि किती लांब आहेत? ट्रॅक्टर रस्ता सोडून किती फूट गेला? विहिरीला कठडा आहे का, असल्यास उंची किती? वाट रस्त्यापासून किती अंतरावर आणि किती रुंद? आदल्या दिवशी पाऊस झाला होता का? ट्रॉलीला नंबर आहे का, तिची वेगळी नोंदणी आणि विमा आहे का? ट्रॉलीत किती माणसे होती? चालकाचा परवाना कोणत्या वाहनाचा? विमा शेतीकामाचा की भाड्याचा? चालकाची वैद्यकीय तपासणी झाली का? मोबाइलमधून त्याच दिवशी जागेचे फोटो काढून ठेवावेत. पाऊस पडला, चाकांची खूण गेली, की पुरावाही गेला.

विम्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बहुतेक दाव्यांत घोडे तिथेच अडते. ट्रॅक्टरवर एकच आसन असते, ते चालकाचे. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नसते. त्यामुळे विमा कंपनी सांगते, की ही माणसे पॉलिसीत येत नाहीत, आम्ही देणे लागत नाही. अनेक निकालांत कंपनीचे हे म्हणणे मान्यही झाले आहे. पण २००७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी वाट दाखवली. वीटभट्टीच्या मातीच्या कामावरचा एक मजूर ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून जाताना जखमी झाला होता. पॉलिसी फक्त शेतीकामाची होती आणि ट्रॉलीचा विमाच नव्हता. कायद्याने कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालय म्हणाले. तरीही मजूर गरीब आहे हे पाहून, कंपनीने त्याला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश आपल्या खास अधिकारात दिला. "आधी द्या, मग वसूल करा" हे पाच शब्द आपल्या वकिलांनी प्रत्येक दाव्यात मागितले पाहिजेत. आणि कंपनी सुटली तरी मालक सुटत नाही, हेही विसरू नये.

मग मालक म्हणतो, ट्रॉलीत बसायला आम्ही सांगितले नव्हते, त्या आपणहून बसल्या. हा युक्तिवाद ऐकून हसावे की रडावे? हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे नाव देशभर गेले. पण ती हळद खणून, वेचून, शिजवून, वाळवून बाजारात पोचवणाऱ्या हातांना शेतापर्यंत न्यायला सुरक्षित वाहन कुठे आहे? शिवारात एसटी जात नाही. रिक्षाचे भाडे मजुरीतून परवडत नाही. मालक किंवा मुकादम ट्रॅक्टर पाठवतो, त्यात बसले तर रोज पडतो, नाही बसले तर दुसरी बाई बसते. याला मर्जी म्हणतात का? २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की मोटारसायकलवर तिघे बसले एवढ्यावरून मागे बसलेल्याचा दोष ठरत नाही. त्याच्या बसण्यामुळे अपघात घडला किंवा वाढला, हे दाखवावे लागते. तोच न्याय ट्रॉलीतल्या बाईला लावला पाहिजे. तिने वाहनाचा नियम मोडला असेल, पण विहिरीकडे चाक तिने वळवले नाही.

चालकाबद्दलही न्यायाने बोलले पाहिजे. दोष शोधायचा म्हणजे ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला फासावर द्यायचे, असा अर्थ कुणी काढू नये. तो पोरगाही बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. सालगडी म्हणून राहिलेला, रात्री नांगरणी करून सकाळी मजूर आणायला पाठवलेला. त्याला परवाना नसताना चावी कुणी दिली? ती देणारा हात मोठा की धरणारा? चालक स्वतः मेला तर त्याच्या घरच्यांचे काय, हा प्रश्न फार कठीण आहे. कर्नाटकातील एका खटल्यात २ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की स्वतः भरधाव आणि बेदरकार गाडी चालवून ती उलटली आणि त्यात चालक मेला, तर त्याचे वारस विमा कंपनीकडून भरपाई मागू शकत नाहीत. आपल्याच चुकीची भरपाई आपल्यालाच मिळत नाही, असा त्याचा अर्थ. पण तिथे दार पूर्ण बंद होत नाही. गाडी स्वतःच्या नावावर असेल आणि पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा घेतला असेल, तर पंधरा लाखांचे संरक्षण असते. त्यासाठी परवाना चालू असावा लागतो. जुनी जीप किंवा टेम्पो घेऊन धंदा करणाऱ्या आपल्या तरुणांनी काही रुपये वाचवण्यासाठी हा विमा टाळू नये. आणि चालक पगारी नोकर असेल तर त्याचा हक्क कामगार कायद्याने शाबूत राहतो.

तो कामगार कायदा म्हणजे १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. या कायद्याची खुबी अशी, की कामाच्या ओघात आणि कामामुळे अपघात झाला एवढे पुरते. मजूर मेला असेल तर त्याने काही चूक केली होती का, हा प्रश्नच उरत नाही. अपघात हा मजुराच्या कपाळाचा लेख नसून धंद्याचा खर्च आहे, ही त्यामागची भूमिका. पण कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर? इथेही आपल्या मराठवाड्यातूनच उत्तर आले. उस्मानाबाद जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मेला. त्याच्या घरच्यांना मिळालेली भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. घरून कामावर जाणे आणि काम यांचा वेळेने, जागेने, परिस्थितीने संबंध जुळत असेल, तर तो अपघात कामाच्या ओघातलाच, असे न्यायालयाने सांगितले. बावीस वर्षे लागली! पण वाट मोकळी झाली. मालकाच्याच ट्रॅक्टरमध्ये बसून मालकाच्याच शेतात निघालेल्या बाईचा संबंध तर त्याहून जवळचा आहे. मात्र दोन्ही कायद्यांखाली एकाच वेळी भरपाई घेता येत नाही, एक वाट निवडावी लागते. कुठली निवडायची हे वकिलाशी बोलून ठरवावे.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. मजूर कुठे उभा राहतो, कसा राबतो, कुठल्या घरात राहतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. दिल्लीत बसून अहवाल मागवता आला असता. पण ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याच्या जागेवर जाऊन पाहायचे, ही बाबासाहेबांची रीत होती. आज आपल्या गावात ट्रॉली उलटली तर आपले किती कार्यकर्ते जागेवर जाऊन कठड्याची उंची मोजतात? अंत्यविधीला आपण जातो, शोकसभा घेतो, निवेदन देतो. निवेदनात काय असते? मदत वाढवून द्या! दोष निश्चित करा, असे त्या निवेदनात असते का?

दोष निश्चित करताना सरकारलाही सोडायचे नाही. रस्त्याची रचना आणि देखभाल यांत कसूर करणारी यंत्रणा आणि गुत्तेदार यांच्यावर दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ मध्ये आणली. अकोल्याहून वाशीम, हिंगोलीमार्गे नांदेडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला, पण त्याला मिळणाऱ्या गावरस्त्यांचे आणि शिवारातल्या पाणंदींचे काय? वाटेला लागून असलेल्या उघड्या विहिरींची यादी ग्रामपंचायतीने ठरावाने करावी, कठडे बांधायला लावावेत. मजूर नेण्यासाठी हंगामात वाहन ठरवून द्यावे, ही मागणी हळदीच्या बाजारात कोट्यवधींची उलाढाल होणाऱ्या जिल्ह्यात जास्तीची नाही.

आता करायचे काय? पहिले, आकस्मिक मृत्यूच्या नोंदीवर थांबू नका, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदवण्याचा आग्रह धरा. गुन्हा दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीत घडला म्हणून कुठलेही ठाणे परत पाठवू शकत नाही. दुसरे, पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का ते विचारा, कारण हा अहवालच दावा म्हणून धरण्याची तरतूद कायद्यात आहे. तिसरे, दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, पण वादाच्या भरवशावर राहू नका. चौथे, अपघात नांदेड जिल्ह्यात झाला तरी वारस हिंगोली जिल्ह्यात राहत असतील तर तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. पाचवे, वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

प्रत्येक तालुक्यात चळवळीच्या पाच कार्यकर्त्यांनी आणि एका वकिलाने एवढेच काम अंगावर घेतले तरी पुष्कळ होईल. बुद्धविहारात एका रविवारी पंचनामा कसा वाचायचा हे शिकवता येते. बचत गटाच्या बैठकीत विम्याचा कागद कसा असतो हे दाखवता येते. संविधानाने कायद्यापुढे समानता दिली. पण ती समानता कागदावरून विहिरीच्या काठापर्यंत आपोआप चालत येत नाही, तिला कुणीतरी हात धरून न्यावे लागते.

पुढच्या वेळी ट्रॉली उलटल्याची बातमी येईल तेव्हा कुणी नशिबाचे नाव घेतले तर त्याला तिथेच थांबवा आणि विचारा : ब्रेक कुणी तपासला होता? चावी कुणी दिली होती? कठडा कुणी बांधला नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे पंचनाम्यात लिहून घेतल्याशिवाय जागेवरून उठू नका. जयभीम!